हेडलीच्या साठ गोळ्या

हेडली क्रोवी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि हलायचा नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं पोरगा झोपलाय. त्याचा मोठा भाऊ बर्टी त्याच वर्गात, कारण आमच्या शाळेत तेव्हा दोन इयत्ता एकत्र बसायच्या. तो म्हणाला, "मिस, झोपला नाही तो. तो तसाच आहे."

पुढे दोघं भाऊ दगड काढणाऱ्या टोळीत लागले. आमच्या बेटावरचं गाव, जेम्सटाउन, दोन उभ्या कड्यांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखं बसलंय. कड्यावरचे सुटे झालेले दगड घरांवर येण्याआधी, दोराला लोंबकळून पहारीने उचकटून काढावे लागतात. बर्टी अंगाने हलका, तो खाली उतरायचा. हेडली वर दोर सांभाळायचा. कड्याच्या धारेवर जिथे दोर वळतो तिथे खाली गोणपाट घालायचं, ते सरकलं की नीट करायचं, आणि दिवसभर त्या चार बोटं जागेकडे बघत राहायचं, एवढंच त्याचं काम. बर्टी सगळ्यांना सांगायचा, "मर्टलने लग्नात माझ्याकडे बघितलं नसेल इतकं हा त्या दोराकडे बघतो." मर्टल त्याची बायको. ती म्हणायची, "दोर उलट बोलत नाही ना!"

हेडलीने लग्न केलं नाही. जेवायला भावाकडेच असायचा. शनिवारी मात्र नेमबाजीच्या क्लबात जायचा आणि क्लबची जुनी रायफल घेऊन पालथा पडायचा. पडला की दगड. श्वाससुद्धा दिसायचा नाही. साठ गोळ्या, सहाशेपैकी पाचशे एकाहत्तर हा त्याचा आकडा, आणि अख्ख्या बेटावर त्याच्या जवळपास कोणी नव्हतं.

त्या वर्षी राष्ट्रकुल खेळांसाठी आमच्या बेटाचा चमू निवडला. चमू म्हणजे किती? हेडली, अजून एक नेमबाज, दोन धावणारे आणि व्यवस्थापक म्हणून मी, पाच माणसं. चार हजार वस्तीच्या बेटाने अजून किती पाठवायची? विमानतळ तेव्हा नव्हता. जहाजाने असेन्शन बेट, तिथून विमानाने इंग्लंड, आणि परतीचं जहाज येईल तेव्हा परत. सगळे मिळून सात आठवडे.

यादी लागली त्या दिवशी हेडली माझ्या घरी आला. "मिस, माझं नाव काढा. सात आठवडे दोर कोण बघणार?"

मी काही बोलण्याआधी मागून बर्टीच आत आला. "ऐकू नका याचं, मिस. हा येईपर्यंत मी खाली उतरतच नाही. वर बसतो, सिगरेट ओढतो, बाजारातल्या बायकांना हात करतो."

"शपथ घे."

"मर्टलची घेऊ का?"

"तिची नको. तिची तू रोज घेतोस."

बर्टीने मग आईच्या कबरीची शपथ घेतली, आणि हेडली निघाला.

चमूचे कोट मी आणि माझ्या बहिणीने शिवले होते. उद्घाटनाला हेडलीने झेंडा धरला आणि आम्ही चौघं त्याच्या मागे चाललो. आमच्या मागच्या देशाचा ताफा इतका मोठा की त्यांच्या पहिल्या ओळीने आमच्या टाचा तुडवल्या. जेवणघरात सगळे विचारायचे, कुठून आलात. नाव सांगितलं की म्हणायचे, "अरे, नेपोलियन होता तिथे!" हेडली एकदाच बोलला. "तो गेला. आम्ही राहिलो." त्यानंतर आमच्या टेबलावर रोज कोणी ना कोणी येऊन बसायचं. हेडलीला मी इतकं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. बिल्ल्यांची अदलाबदल करून त्याने टोपी भरून बिल्ले जमवले, मर्टलच्या दोन मुलींसाठी.

त्याच्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी, न्याहारी चालू असताना, मला कार्यालयात फोनवर बोलावलं.

"मिस ओलिव्ह, मर्टल बोलतेय." आवाज अगदी सरळ होता. "बर्टी गेला. काल दुपारी."

मी कार्यालयाचं दार लावून घेतलं.

"चार दिवस पाऊस होता," ती सांगत राहिली. "शाळेच्या डोक्यावरचा तो मोठा दगड हलायला लागला. मुलं आत बसलेली. कोणाला तरी उतरायलाच हवं होतं आणि याच्याइतकं कोणाला येतं? दगड काढला त्याने. वर येताना दोर घासून तुटला."

"वर कोण होतं?"

"होतं कोणीतरी नवीन. त्याला काय बोलायचं, तो बिचारा माझ्या अंगणात बसून रडतोय." मग म्हणाली, "आज दोन वाजता पुरतोय. हेडलीचं कधी आहे?"

"अडीचला." बेटावर दोन वाजतात तेव्हा इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात तीन वाजतात. मी मनात हिशेब केला, म्हणजे हेडली नेम धरून पडलेला असतानाच.

"मग त्याला आधी सांगू नका."

"मर्टल, भाऊ आहे गं त्याचा."

"माझा नवरा आहे," ती म्हणाली. "गेले पंधरा दिवस भेटेल त्याला सांगत होता, माझा भाऊ रेडिओवर येणार म्हणून. होऊ दे ना तेवढं. नाहीतरी हेडली काय करणार? पोहत येणार आहे?" एवढं बोलून तिचा आवाज फुटला आणि फोन बंद झाला.

मी परत टेबलावर गेले. हेडलीने माझ्यासाठी चहावर बशी झाकून ठेवली होती. "घरून होता का?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "शुभेच्छा दिल्यात."

इतकी वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. त्या दिवशी मी ते एका दमात बोलले आणि चहा प्यायले.

अडीच वाजता अडतीस नेमबाज ओळीने पालथे पडले. हेडली एका टोकाला. मी मागे दोरीच्या अलीकडे उभी होते. तीन वाजले तेव्हा त्याच्या चोविसाव्या गोळीचा आकडा लागला, दहा. पुढची दहा. त्याच्या पुढची नऊ, मग परत दहा. मी आकड्यांकडे बघत होते आणि मला दिसत होतं ते सेंट पॉल चर्चचं कबरस्तान, चार माणसं, हातात दोर, हळूहळू खाली सोडताहेत. माझ्या शेजारचा एक परका गृहस्थ म्हणाला, "बाई, तुमचा माणूस इतका छान खेळतोय आणि तुम्ही रडताय?"

पाचशे त्र्याऐंशी. अडतीसात एकतिसावा. तिथे कोणी मान वळवून पाहिलंही नाही. पण आमच्या बेटाच्या कुठल्याही माणसाने कधी एवढे गुण काढले नव्हते. हेडली उठला, नेमबाजीच्या जाड कोटाचे बंद सोडवत सोडवत अक्षरशः धावत आला.

"मिस! पाचशे त्र्याऐंशी! फोन कुठे आहे? आधी बर्टीला लावा, चला!"

मी त्याला बाकावर बसवलं आणि सांगितलं.

ऐकता ऐकता तो बूट काढत होता. एक काढून झाला, दुसरा पायातच राहिला. मग त्याने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी."

"पुरला कधी?"

"तीनला. म्हणजे तिथले दोन."

त्याने मान हलवली. "मला स्पर्धा सोडू द्या असं मी म्हणालो नसतो, मिस. बर्टीने मला मारलं असतं. पण तीन वाजता मी रायफल बाजूला ठेवून उभा राहिलो असतो. टोपी काढून. तेवढं मला करता आलं असतं." मग म्हणाला, "मी दहा लागला म्हणून मनातल्या मनात नाचत होतो."

मर्टलचं नाव मी घेतलं नाही. त्याला परत जाऊन तिच्याच टेबलावर जेवायचं होतं, तिच्या मुली वाढवायच्या होत्या. माझ्यावर राग धरला तर बेटाचं काही बिघडत नव्हतं.

लवकरचं जहाज नव्हतंच. एकोणीस दिवस आम्ही वाट पाहत काढले. धक्क्यावर लोक जमले होते. बँड आला होता, पण वाजवला नाही. हेडलीने मुलींच्या हातात बिल्ल्यांची टोपी दिली आणि तसाच कबरस्तानात गेला.

दुसऱ्या आठवड्यात तो कामावर हजर झाला. दोर सांभाळायला मात्र तयार होईना. "मी उतरतो," म्हणाला. "वर दुसरा कोणी थांबू दे." साहेबांनी समजावलं, बायकांनी समजावलं, पण बर्टीच्या जागी तो स्वतः लोंबकळू लागला. रायफलला त्याने पुन्हा हात लावला नाही. माझ्याशी बोलणंही बंद. चर्चमध्ये समोरासमोर आलो तर "गुड मॉर्निंग, मिस," एवढंच. तेही आमच्याकडे न बोलणं वाईट दिसतं म्हणून.

चौथ्या वर्षी मर्टलने त्याला खरं सांगितलं. का, ते मला माहीत नाही. कदाचित तिलाही ते एकटीने पेलवत नसेल. त्याच संध्याकाळी तो माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच उभा राहिला.

"तुम्ही का नाही बोललात? चार वर्षं मी तुम्हाला..."

"तिच्याशी बोलणं टाकलं असतंस तर मुलींचं काय झालं असतं?"

"मी टाकलं नसतं."

"तुला आज तसं वाटतंय."

तो माझ्या अंगणातल्या झाडांकडे बघत राहिला. केस कानापाशी पांढरे झाले होते. "मला तुमचा राग नाही आता," तो म्हणाला. "तिचाही नाही. पण मिस, त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. आयुष्यात तेवढा कधी झाला नव्हता. तो मला विसरता येत नाही, आणि आठवला की लाज वाटते. यावर काही औषध आहे का?"

मी शिक्षिका. मुलांनी काही विचारलं की उत्तर द्यायची सवय. त्या संध्याकाळी मात्र मी दोन कप चहा केला. त्याने उंबऱ्यावर बसून तो प्यायला, कप धुऊन पालथा घातला आणि गेला.

दोन वर्षांनी, धाकट्या मुलीची शाळा संपल्यावर, तो फॉकलंडला कामाला निघून गेला. मर्टल आणि मी दोघी धक्क्यावर गेलो होतो. जहाजापर्यंत नेणाऱ्या होडीत बसताना त्याने दोघींना हात केला, आधी तिला, मग मला. आम्ही जहाज दिसेनासं होईपर्यंत उभ्या होतो.