बिननावाची पुडी

वसईच्या बाजारामागे दवाखाना थाटलेल्या एका माणसाने माझ्या मुलीला फसवलं. दम्याचं हमखास औषध म्हणून त्याने तिला दोन वर्षं पांढरी पुडी खायला घातली आणि त्या पुडीत काय आहे हे कधीच सांगितलं नाही. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. तो माणूस अजून दवाखाना चालवतो, म्हणून लिहिते आहे.

मी वसईजवळच्या गिरीज गावची. लग्नानंतर डोक्यावर पाटी घेऊन केळी विकली, मग सुकेळी करायला लागले. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि वाळक्या पानात घट्ट बांधायची, हे आमच्याकडचं जुनं काम. घड घेताना मी मधलं केळं कापून बघते, वाडीवाला नात्यातला असला तरी. भाव करताना माझा आवाज चढतो हे सगळ्या बाजाराला माहीत आहे, आणि तो चढला की माल सुधारतो हेही.

मुलगी शाळेत जायला लागली आणि तिच्या छातीत घरघर सुरू झाली. थंडीत तर जिना चढली तरी धाप लागायची. माझ्या मोठ्या जावेने बजावलं, दम्याच्या पंपाच्या नादी लागू नकोस, एकदा लागला की सुटत नाही, आणि उद्या सोयरीक जुळवताना काय सांगणार? या माणसाचा पत्ता तिनेच दिला.

त्याने बरणीतून पूड काढली आणि कागदाच्या तुकड्यांत बांधली. यात काय आहे, मी विचारलं.

"वनस्पती आहेत ताई. घराण्याचं गुपित. तुम्ही तुमच्या सुकेळ्यांचं गुपित सांगता का कुणाला?"

धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाशी बोलावं तसं तो बोलला. गिऱ्हाईक ओळखण्यात तो माझ्याही वरचढ निघाला.

आठवड्याच्या आत घरघर थांबली. मुलीची भूक वाढली, गाल भरले. मूल सुधारलं की नाही हे आमच्याकडे गालांवरूनच ठरतं. हळदीला गेलो, पूजेला गेलो, की बायका तिचे गाल ओढायच्या आणि मला विचारायच्या, काय खाऊ घालतेस? जाऊ तर अंगणात उभी राहून दवाखान्याचा पत्ता वाटायची. वर्गातल्या बाकीच्या मुली उंच होत गेल्या. हिचा फ्रॉक लांबीला पुरायचा, फक्त कमरेला उसवावा लागायचा. त्याचंही कौतुकच झालं.

मग दिवाळीत तो गावाला गेला. दवाखाना बंद, घरातल्या पुड्या संपलेल्या. मुलगी गळून गेली, उलट्या झाल्या, आणि दुपारी असा दम लागला की तिला बोलता येईना. रिक्षा करून स्टेशनजवळच्या मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आधी तिला वाफ दिली. श्वास जाग्यावर आल्यावर तिची हनुवटी उचलून चेहरा बघितला आणि मला एवढंच विचारलं, "पुडी कोणाची देता?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना गालांवरून कळलं. पुडीत स्टेरॉइड असणार, म्हणाले. त्यानेच तोंड सुजतं, त्यानेच उंची खुंटते, आणि अचानक बंद केलं तर जिवावर बेततं. मग त्याच औषधाच्या मोजक्या गोळ्या देऊन, महिन्यामहिन्याने कमी करत ते उतरवलं. सोबत पंप सुरू केला. पंपातही त्याच जातीचं औषध आहे, त्यांनी स्वतःच सांगितलं, पण अगदी थोडं, आणि ते सरळ छातीत जातं. डबी माझ्या हातात देऊन म्हणाले, वाचा. मी वाचलं. औषधाचं नाव, मात्रा, कधीपर्यंत वापरायचं, सगळं छापलेलं होतं.

मुलगी पंप शिकली. प्लास्टिकचं नळकांडं तोंडाला लावून सावकाश श्वास घ्यायचा, धरायचा, सोडायचा. सकाळ-संध्याकाळ दात घासायच्या आधी एक पंप, मग चूळ. दम लागलाच तर निळा पंप, तो दप्तरात. मी पाणी तापवायचा धुराचा बंब मागच्या पडवीबाहेर काढला, घरातला धूप बंद केला, उशांच्या खोळी गरम पाण्यात धुवायला लागले. शाळेत बाई तिला खेळाच्या तासाला बाकावर बसवून ठेवायच्या. मी जाऊन भांडले. पुढच्या वर्षी ती खो-खोच्या संघात होती.

आणि सूज उतरली, गाल बसले, तशी गावाने माझ्यावर तोंड सोडलं. पोरगी किती उतरली, आई दिवसभर बाजारात, लक्ष कोण देणार. पोर आजारी होती तेव्हा मी चांगली आई होते. ती धावायला लागली तेव्हा वाईट झाले.

मी त्याच्या दवाखान्यात गेले. बाकांवर आया बसल्या होत्या, मांडीवर तशीच गुबगुबीत मुलं. तो म्हणाला, आत या, आत बोलू. मी दारातच उभी राहिले. मग हळूच म्हणाला, घेतलेले सगळे पैसे परत देतो. मी आयुष्यभर भाव केला, त्या दिवशी नाही केला. बरणीत काय आहे ते सांगा, म्हटलं.

"तुमचे मोठे डॉक्टर पंपात तेच देतात. मग राग माझ्यावरच का?"

"त्यांच्या डबीवर लिहिलंय. तुमच्या पुडीवर काय लिहिलंय?"

एकही आई उठली नाही. एक तर मलाच म्हणाली, "आमच्या पोराला गुण आहे, तुम्ही कशाला मध्ये पडता?"

मी सरकारी औषध खात्याच्या कचेरीत तक्रार द्यायला गेले. तिथल्या साहेबाने पुडी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, यावर कंपनीचं नाव नाही, औषधाचं नाव नाही, मग तक्रार कुणाविरुद्ध लिहायची? नाव नाही हीच तक्रार आहे, मी ओरडले. त्याने पंखा वाढवला. पुढे त्या माणसाने विरारला दवाखान्याची नवी पाटी लावली.

मुलगी आता कामाला जाते, पंप पर्समध्ये असतो, दम्याला ती घाबरत नाही. उंचीने माझ्या खांद्याला लागते, तिथेच थांबली. म्हणून त्या माणसाने आपल्या बाकांवरच्या आयांसमोर उभं राहून बरणीत काय घालत होता त्याचं नाव घ्यावं. आणि ज्या साहेबाला बिननावाच्या पुडीत गुन्हा दिसला नाही, त्याने सांगावं, त्या दिवसानंतर विरारच्या किती मुलांना ती पुडी गेली.