गोपिकाच्या फोल्डरातली पहिली ओळ

ज्या कामावर टाळ्या पिटता, ते केलं कोणी, हे कधी विचारता का? नाही विचारत. पुष्करसारखे लोक तुमच्याच भरवशावर जगतात.

गोपिका आमच्या कामगार संघटनेची सभासद. काटोलकडची, घरी शेती. शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात बिल्ट्या, म्हणजे ट्रकनं जाणाऱ्या मालाच्या पावत्या, टाइप करते. प्रोग्रामिंगची पायथन भाषा ती मोबाइलवर शिकली, माझ्यासारखीच, कुठल्या क्लासची पायरी न चढता. ट्रक भरताना शेवटी उतरायचा माल आधी चढवावा लागतो. बाबूलोकांची यादी रोज उलटी, आणि शिव्या हमालांना. ते बघून तिनं बिल्ट्यांवरून चढवायचा क्रम काढणारा प्रोग्राम लिहिला. त्याच्या प्रत्येक फाइलीत वर __author__ असं लिहून पुढं स्वतःचं नाव घातलं. ही नुसती रीत. पायथन ते तपासत नाही. कोणीही खोडावं, कोणीही लिहावं.

पुष्करनं खोडलं. हा शहरात सदर भागात कंपनीचं मोठं ऑफिस आहे तिथला सुपरवायझर, गळ्यात पट्टा, डोक्यात भुसा. तिथं सॉफ्टवेअरची एक जागा निघाली होती, आणि प्रोग्राम ज्याचा, जागा त्याची असं ठरलं होतं. टायपिंगमधून सुटायला गोपिकाला तेवढाच रस्ता. पठ्ठ्यानं प्रत्येक फाइलीत तिचं नाव शोधलं, आपलं घातलं, आणि मालक गणपतरावांसमोर मोठ्या पडद्यावर प्रोग्राम लावला. गोपिकाला बोलावलं होतं ते वाडीचं मशीन, म्हणजे तिथला कॉम्प्युटर, त्या पडद्याला जोडून द्यायला.

प्रोग्राम सुरू होताच आपण कुठल्या फाइलीतून चाललो हे आधी छापतो. ते __file__ मधून येतं. हे नाव पायथनचं स्वतःचं, आत काय भरायचं तेही पायथनच ठरवतं. पुष्करनं ती ओळ वाचली होती. तिच्यात गोपिका दिसली नाही, म्हणून सोडून दिली. फाइल मात्र अजून वाडीच्या मशीनवर, तिच्याच फोल्डरात होती. पडद्यावर हातभर अक्षरांत उमटलं: /home/gopika/loading.py

गणपतरावांनी चष्मा वर केला. "काहून गा पुष्कर, तुहा प्रोग्राम हिच्या फोल्डरात काय करून राहिला?"

टेस्टिंगसाठी ठेवलाय, म्हणाला. मग ही ओळ येते कुठून, असं गणपतरावांनी विचारल्यावर पुष्करसाहेब पडद्याची वायर तपासायला लागले.

"तू सांग वं," गणपतराव गोपिकाला म्हणाले.

तिनं सांगितलं. वर म्हणाली, "यायनं माहं नाव सात जागी खोडलं. हे आठवं मी लिहिलंच नोतं, खोडतील कुठून?"

गणपतराव पोट धरून हसले. चहा मागवला. आणि दोघांनी मिळून केलं असं लिहू, म्हणाले. जागा पुष्करला, शाबासकी गोपिकाला. सगळं कळूनही! मालकाची अक्कल हसण्यापुरतीच असते.

गोपिका परत बिल्ट्या टाइप करून राहिली आहे. आम्ही गप्प बसणारे नाही. सोमवारी अकरा वाजता सदरच्या त्या ऑफिससमोर या. घोषणा आम्ही देऊ. तुम्ही फक्त पुष्कर बाहेर आला की त्याला विचारा, ती पहिली ओळ कुठून येते.