कुजबुजे आणि वरचं बटण

आप्पाला जाऊन वर्ष होत आलं तसं जो तो मला गाठून एकच वाक्य ऐकवायला लागला. एवढा हसवणारा माणूस, आतून असा असेल असं वाटलं नव्हतं हो. वाटलं नव्हतं कारण वाटून घ्यायला सवड नव्हती, असं मी दोघातिघांना तोंडावर सुनावलं. त्यावर ते माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले.

आप्पा आमच्या नाटक कंपनीतला विनोदी नट. रस्त्यात दिसला तरी माणसं आधी हसायची आणि मग ओळख द्यायची. त्याने स्वतःचा जीव दिला. मी हे असं सरळ लिहिते. 'अचानक गेला' म्हणून पांघरूण घालणाऱ्यांचा मला वीट आलाय. पण हे लिखाण आप्पावर नाही. त्याच्यावर लिहिणारे ढिगाने आहेत. मला सांगायचंय ते कुजबुजेबद्दल.

कुजबुजे हे त्याचं आडनाव नव्हे. तो आमचा प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत बसून नटांना विसरलेलं वाक्य हळूच पुरवणारा. एकतीस वर्षं उजव्या विंगेतल्या एकाच स्टुलावर बसला. मांडीवर संहितेची वही, वहीला चिमट्याने लावलेला बोटाएवढा दिवा, गालात खोकल्याची गोळी. त्याचा आवाज असा, की स्टेजवरच्या माणसाला स्वच्छ ऐकू जायचा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. मी कपडेपटात इस्त्री करायचे, मला तीन दारांपलीकडे ऐकू जाईल असंच बोलता येतं, त्यामुळे त्याने माझं नाव तोफ ठेवलं. मी सातवीत शाळा सोडलेली. पुढे पडद्यामागच्या कामगारांची संघटना काढली तेव्हा माझ्या अर्जांतल्या चुका त्यानेच काढल्या. लाल पेन्सिलीने, आणि एकदाही न हसता.

त्याचं खरं कसब वाक्य पुरवण्यात नव्हतं. नट थांबला की तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखण्यात होतं. हे तो एका चुकीतून शिकला. अगदी सुरुवातीला, पुढे वर्षानुवर्षं चाललेल्या एका नाटकात, आप्पा रिकाम्या खुर्चीकडे बघत गप्प उभा राहिला, तेव्हा ह्याने घाबरून पुढचं वाक्य पुरवलं. हशा जागीच मेला. आप्पाने त्याला नंतर असा धुतला की हा चार दिवस जेवला नाही. मग दोघांत करार झाला. आप्पा कोटाचं वरचं बटण धरेल तेव्हाच बोलायचं. बटण धरलं नाही तर जग बुडालं तरी गप्प बसायचं. त्या दिवसापासून कुजबुजे वहीत प्रत्येक थांब्याला लाल रेघा मारायला लागला. एक रेघ म्हणजे एक आकडा मोजायचा. खुर्चीसमोरच्या थांब्याला तीन रेघा होत्या.

आप्पाच्या शेवटच्या वर्षात त्या तीनच्या पाच झाल्या, पाचाच्या सात. लोक जास्तच हसायला लागले. पेपरात छापून आलं की आप्पाचं मौन आता कुठे पिकलंय. पिकलंय म्हणे. विंगेतून त्याचा चेहरा बाजूने दिसायचा. तो थांबलेला माणूस नव्हता, अडकलेला होता. हे कुजबुजेला दिसत होतं. कोपऱ्यात उभं राहून पुढच्या अंकाचा शर्ट हातात धरलेल्या मलाही दिसत होतं. मी समजले म्हातारपण. तो समजला, बटण धरलेलं नाही.

आप्पा गेल्यावर मी कंबर कसली. तो माझा स्वभावच आहे, दुःख झालं की मी सभा बोलावते. दर मंगळवारी दुपारी तालमीच्या खोलीत बैठक, ज्याच्या मनात काही साठलं असेल त्याने येऊन बोलावं. दारावर मोठा कागद लावला: 'मन मोकळं करा, आम्ही ऐकतोय.' कुजबुजे एकही मंगळवार चुकला नाही. सगळ्यांआधी येऊन खुर्च्या गोल मांडायचा, सगळ्यांनंतर त्या रचून ठेवायचा. मधे दोन तास भिंतीला टेकून बसायचा. एक अक्षर बोलला नाही. मी त्याला कामाचा माणूस म्हणत होते. मला खुर्च्या मांडून मिळत होत्या ना.

आप्पाच्या पहिल्या वर्षाच्या स्मृतिसभेत कुजबुजेनेच बोलावं असा मी हट्ट धरला. त्याच्याइतका आप्पाच्या जवळ कोण होता? तो नाही म्हणाला. मी विनवलं, टोमणे मारले, एकतीस वर्षं दुसऱ्याची वाक्यं पुरवलीस, आता स्वतःचं एक निघत नाही का, असंही बोलले. तो हसला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कपडेपटात येऊन माझ्या इस्त्रीच्या टेबलावर त्याने एक पिशवी ठेवली. आत तो बोटाएवढा दिवा, लाल पेन्सिलीचा डबा आणि त्या खुर्चीच्या नाटकाची वही.

"तुझ्याकडे राहू दे. मला आता काय करायचंय," म्हणाला.

मी भडकले. भाषण नको म्हणून ही लाच आहे का, असं विचारलं. तो जिना उतरून गेला. मी पिशवी कपाटात भिरकावली आणि रात्रीपर्यंत त्याच्या नावाने बोटं मोडली. असं असतं माझं.

सभेसाठी वही काचेखाली मांडावी म्हणून दोन दिवसांनी, भर दुपारी, मी ती उघडली. खुर्चीचा थांबा शोधला. लाल रेघा होत्याच. पण समासात शेवटच्या वर्षातल्या प्रत्येक प्रयोगाची तारीख होती, त्याच्या मुंगीएवढ्या अक्षरात, आणि प्रत्येक तारखेपुढे दोन शब्द: बटण नाही. खाली खाली येत समास भरला तसा त्याने वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला घेतलं होतं. तारखा पुढे चालूच. आप्पा गेल्यानंतरच्या. प्रयोग बंद पडल्यानंतरच्या. माझ्या मंगळवारांच्या. बटण नाही, बटण नाही. शेवटची तारीख त्याने मला पिशवी दिली त्याच्या आदल्या दिवसाची.

माझ्या हातून इस्त्री उभी ठेवायची राहिली. कुणाचा तरी झगा जळला.

हा माणूस वर्षभर माझ्यासमोर बसून होता, आणि मी दारावर कागद लावून त्याच्या बोलण्याची वाट बघत होते. समोरचा बटण धरेल म्हणून वाट बघायची जी चूक त्याने केली म्हणून तो स्वतःला खात होता, तीच मी करत होते. वर ढोल वाजवून.

तो किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटाच राहतो. तशीच जाऊन दार वाजवलं, उघडेना. मी माझा आवाज लावला, तेव्हा खालचा किल्लीवालाही वर आला. मग कडी निघाली. खोली नको तितकी आवरलेली होती. पुस्तकं दोरीने बांधून ठेवलेली, प्रत्येक गठ्ठ्यावर कुणाला द्यायचं त्याची चिठ्ठी. त्याने मला खुर्ची दिली आणि म्हणाला, काही नाही गं, ठीक आहे, जरा पसारा काढत होतो.

मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती. दिली नाही. किल्लीवाल्याला खाली पाठवलं, दार लोटलं आणि विचारलं.

"जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

तो खिडकीकडे बघत राहिला. मला गप्प बसणं जमत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मी मनात आकडे मोजायला लागले. सात झाले. नऊ झाले. खाली किल्लीवाल्याचं यंत्र कर्रकर्र करत होतं. एकोणीसपर्यंत गेले.

"आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "मला दिसत होतं गं त्याचं. नियम होता म्हणून बसून राहिलो."

मी त्याला तुझी चूक नाही वगैरे म्हटलं नाही. तोंडदेखलं बोलणं त्याला लगेच कळतं. मलाही दिसत होतं आणि मी शर्ट धरून उभी होते, एवढंच सांगितलं. मग त्याच्या बहिणीला फोन लावला. ती पाऊण तासात आली, आल्या आल्या आधी त्याला आणि मग मला फैलावर घेतलं. डॉक्टरांकडे आम्ही तिघं त्याच दिवशी गेलो. नंतरचे तीन महिने तो बहिणीकडे राहिला. औषधं सुरू झाली, आठवड्यातून एकदा एका समुपदेशक बाईंशी बोलायला जायला लागला. मी रोज सकाळी फोन करायचे. तो वैतागायचा, अगं तोफे, दात तरी घासू दे. मी म्हणायचे घास आणि सांग, आज कसं आहे. काही दिवशी म्हणायचा, वाईट आहे. मला तेवढं पुरायचं. वाईट आहे म्हटलं की मी जाऊन बसायचे. तो बरा झाला असं मी लिहिणार नाही. तो आहे, एवढं लिहिते.

आप्पाची सभा पुढे ढकलली होती, ती शेवटी झाली. दारावरचा कागद मी आधीच फाडून टाकला होता. भाषण मीच करायचं ठरवलं आणि कुजबुजेकडून तपासून घेतलं. कुजबुजे बहिणीबरोबर आला, पण समोर बसेना. जाऊन उजव्या विंगेतल्या स्टुलावर बसला, मी परत दिलेला दिवा लावून.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत तेच सगळे, वाटलं नव्हतं हो म्हणणारे. त्यांचे ओले रुमाल बघून माझं डोकं फिरलं. 'आम्ही सगळे बघत होतो' या वाक्यावर मी मुद्दाम थांबले. बसू देत त्यांना जरा त्या वाक्याखाली, म्हटलं. एक, दोन, तीन.

उजवीकडून स्वच्छ, हळू आवाज आला, "आणि विचारलं कुणीच नाही."

मी विसरले नव्हते. माझा सगळा थांबा त्याने मातीत घातला. पण आवाज आल्यावर तेच वाक्य म्हणण्यावाचून काय करणार? म्हणून टाकलं.

सभा संपल्यावर मी विंगेत जाऊन त्याला फैलावर घेतलं. एकतीस वर्षांचा प्रॉम्प्टर आणि थांबलेलं कळत नाही? मी कुठलं बटण धरलं होतं? माझ्या स्वेटरला बटणच नाही.

तो दिवा पुसून डब्यात ठेवत होता.

"उगाच बोललो तर एक वाक्य बिघडतं," म्हणाला. "बिघडू दे."