ॲपमामांची वेळ

बेटावरच्या मोठ्या हॉटेलात एसी आणि फ्रीज दुरुस्त करणारे मामा पेशाने मेकॅनिक. पण आपल्याकडचा नवीन माणूस बोटीतून उतरला की आधी त्यांच्यापुढे मोबाइल धरतो. म्हणून त्यांचं नावच पडलं ॲपमामा. मामा कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि एकेक ॲप टाकून देतात. पहिलं बोटींच्या वेळांचं, कारण बोट चुकली की दिवस बुडाला. मग वाऱ्याचं, कारण वारा सुटला की बोटच नाही. नकाशाचं, कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा ते सांगणारं, आणि सगळ्यात शेवटी भाषांतराचं. "यातली बाई जरा करड्या आवाजात बोलते," ते बजावतात. "साखर मागितलीस तरी शेजाऱ्याला वाटतं, घराची झडती घ्यायला आलाय. तू आपला हसत राहा."

एवढा हुशार माणूस, पण स्वतःच्या मोबाइलवरचं घड्याळ त्यांनी कधी इथलं लावलं नाही. ते घरचं. बेट घरापेक्षा तीन तास पुढे, त्यामुळे मामांच्या मोबाइलवर पहाट असायची तेव्हा मामा हॉटेलात पान्हा घेऊन उभे. लोक टिंगल करायचे. मामा म्हणायचे, "मामी उठली की नाही, हे मला बोटं मोजून काढायचं नाही. इथली वेळ सांगायला हॉटेलच्या भिंतींवर घड्याळं आहेत."

मामी मात्र बेटावर यायला तयार नव्हत्या. आधी मुलीचं लग्न, मग सासूबाईंचं आजारपण. ते सगळं उरकल्यावर एकदाच्या म्हणाल्या, "महिनाभर येऊन बघते. नाही करमलं तर तुम्ही गाशा गुंडाळायचा आणि माझ्याबरोबर घरी यायचं. कबूल?"

मामांनी कबूल केलं खरं. हे काम त्यांना मनापासून आवडायचं. समुद्र, हॉटेल, भांडखोर पण मायाळू घरमालकीण, सगळं अंगवळणी पडलं होतं. पण एकटं राहून त्यांचाही जीव विटला होता. म्हणजे आता सगळं मामींच्या हातात. त्यांनी खोलीला रंग दिला, शेगडी घासून लख्ख केली, आणि रोज व्हिडिओवर मामींना एकेक ॲप शिकवलं. मामी नकाशा उलटा धरायच्या आणि वर मामांनाच झापायच्या.

निघायच्या आदल्या दिवशी मामींचा फोन आला. "उद्या संध्याकाळी पाचला बोट लागते. धक्क्यावर या."

तिचे पाच म्हणजे आपले आठ, मामांनी मनात हिशेब केला. बोटींच्या ॲपमध्ये बघितलं तर आठची बोट होतीच. विमानतळावरून सामान घेऊन निघायचं म्हणजे वेळ हा लागणारच. पक्कं!

दुसऱ्या दिवशी नेमकी हॉटेलच्या तळघरातली शीतखोली बंद पडली. आत मासे, बाहेर हातघाईवर आलेला आचारी. मामा खाली उतरले. तिथे मोबाइलला रेंज नाही, पण आठला अजून भरपूर अवकाश होता. यंत्र सुरू झालं, तसे मामा शीळ घालतच जिना चढले. वर येताच खिशातला मोबाइल थरथरायला लागला तो थांबेना. सगळे मामींचे न लागलेले फोन.

म्हणजे मामी केव्हाच धक्क्यावर उतरल्या होत्या! भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, आणि बेटावरचं पहिलं दर्शन म्हणजे रिकामा धक्का! आता कसली राहते ती? त्यांनी नकाशा उघडला. मामींचा निळा ठिपका इतकी वर्षं त्यांनी रोज घरी बघितला होता. आज तो समुद्रात नव्हता, धक्क्यावरही नव्हता. तो त्यांच्याच खोलीवर होता.

मामा तेलकट कपड्यांतच धावत सुटले.

दार उघडं होतं. मामी आणि घरमालकीण समोरासमोर बसून चहा पीत होत्या, आणि दोघी आपापल्या भाषेत एकाच वेळी बोलत होत्या. भाषांतरवाली बाई बंद होऊन पलंगावर पालथी पडली होती.

"फार खेकसते हो ती," मामी म्हणाल्या. "नकाशा बघत बघत आले. यांनी कुलूप उघडून दिलं. तुम्ही कुठे होतात?"

"अगं, तुझे पाच म्हणजे इथले आठ..."

"माझे पाच? मी इथलेच पाच सांगितले! तुमच्याशी बोलताना मी कधी तिकडची वेळ सांगितली? आपल्या स्वयंपाकघरातलं घड्याळ तुम्ही गेल्यापासून इथल्या वेळेवर चालतंय. पाहुणे बघतात, दचकतात आणि चहा न घेताच उठतात."

मामींनी बॅग उघडली, साडीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मामांच्या हातात दिलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ. ते चालू होतं आणि अगदी बरोबर होतं.

"महिन्याभरासाठी हे कशाला आणलंस?"

"महिन्याभरासाठी कोण आणतं?" मामी म्हणाल्या. "तिकडे आता ते कुणासाठी ठेवू? बघत काय राहिलात, खिळा ठोका."

मामांनी शेगडीच्या वर खिळा ठोकला, घड्याळ टांगलं, घरमालकिणीने ते सरळ केलं. मग मामा पलंगाच्या कडेला बसले, चष्मा नाकावर घेतला आणि मोबाइलवरची वेळ तीन तास पुढे केली.