संजूच्या गाण्यावर टाळ्या

फवारा आधी मासोळीच्या जाळ्यावर मारला. मग माझ्या बापाच्या अंगावर.

नागपूरच्या एका मोठ्या थेटराच्या पायऱ्या. वर काचेचं दार, दारामागे थंडगार हवा. आम्ही पाच माणसं दुपारपासून पायऱ्यांवर उभी. गळ्यात ओळखपत्र घातलेली रेशमी साडीतली एक बाई आली. हातात खोलीत सुगंध फवारायचा डबा. तिनं नाकाला पदर लावला आणि फुस्स फुस्स केलं. जाळ्यावर. मग बाबांच्या छातीवर, पाठीवर.

लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडतात, तसंच हे असेल असं बाबांना वाटलं. त्यांनी डोळे मिटले. वळून दुसरी बाजूही पुढे केली. हात जोडून म्हणाले, "लय उपकार झाले, बाई."

ती हसली. तिच्या मागे उभे होते तेही हसले.

मला कळलं होतं. मी बोलले नाही. त्या दिवशी बाकी सगळं दुसऱ्यांनी केलं. पण हे माझं.

आम्ही साकोली तालुक्यातले ढीवर. तलावावर जगणारे. सानगडीच्या बाजारात आई मासोळी विकायची. बाबा जाळं टाकायचे, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दंडार करायचे. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं नाटक. मंडप नाही, तिकीट नाही. चौकात घोंगडी अंथरायची, ढोलकीवर थाप पडली की गाव जमतं. बाबांचा आवाज उंच होता. मी त्यांच्या मागे झील धरायला शिकले, मग गायला शिकले.

माझा भाऊ संजू. बारा वर्षांचा होता तेव्हा आमच्याच तलावात बुडाला. भर पावसाळ्याचे दिवस, तलाव तुडुंब. बाबांनी दोन दिवस जाळं टाकलं. जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी संजू जाळ्यात आला.

त्या दोन दिवसांत बाबांच्या तोंडून जे निघालं त्याचं गाणं झालं. त्यांनी ते बसून रचलं नव्हतं.

सोड रे तलावा, सोड माह्या लेकराले,
जाळं झालं जड, हात लागंना तळाले.

हे गाणं त्यांनी दंडारीत कधीच म्हटलं नाही. वर्षातून एकदा, त्याच तिथीला, एकटे तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसून म्हणायचे. आम्ही घरातून ऐकायचो. आई चूल पेटवायची नाही.

मग एक दिवस ताई आल्या. नागपूरहून, गाडीतून. लोककलेचा अभ्यास करतात म्हणाल्या. मला मॅडम म्हणू नका, ताई म्हणा. आमच्या अंगणात खाली बसल्या, आईच्या हातचा काळा चहा घेतला. मोबाइल पुढे ठेवून त्यांनी बाबांची दंडारीची गाणी घेतली. निघताना म्हणाल्या, "बाबा, असं एखादं गाणं सांगा ना, जे तुम्ही कधी कुणाला ऐकवलं नाही."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई उठून आत गेली. बाबांनी गाणं म्हटलं.

ताई रडल्या. खरंच रडल्या. आणि बाबांच्या पाया पडल्या. आजवर एकही शिकलेला माणूस आमच्या बापाच्या पाया पडला नव्हता. त्याच क्षणी बाबा विकत घेतले गेले, फुकटात.

चार महिन्यांनी फोन आला. मोठा महोत्सव आहे, मोठ्या थेटरात. या. येताना एखादं जुनं जाळं आणा. बाबांनी धोतर परीट घडीचं करून घेतलं. सगळ्या गावाला सांगितलं. ढोलकीवाले सुकरामकाका, टाळ धरणारे दोघं, बाबा आणि मी, असे आम्ही साकोलीहून एसटीनं निघालो. बाबा खिडकीशी बसून एकच विचारत होते, "थेटराचा मंच केवढा असन वो? दंडारीतल्यासारखं चहूबाजूनं फिरून म्हणता येईन काय?"

मंच बाबांनी पाहिलाच नाही.

पुढच्या दारातून सोडलं नाही. मागच्या दारात यादी होती, यादीत आमचं नाव नव्हतं. मेकअपची खोली कलाकारांसाठी आहे, असं एकानं सांगितलं. मी म्हटलं, आम्ही कलाकारच आहोत. तो म्हणाला, "तुम्ही स्वागताचे." मला लघवीला जायचं होतं. आतल्या बाथरूमला हात लावू दिला नाही. थेटराच्या मागे भिंत होती, तिकडे बोट दाखवलं.

स्वागत म्हणजे काय ते मग कळलं. पायऱ्यांवर बांबूची खोटी झोपडी उभी केली होती. तिच्यावर आमचं जाळं टांगलं. आम्ही झोपडीपुढे उभं राहून वाजवायचं, गायचं. गाड्या येणार, माणसं उतरणार, वर जाणार. त्यांना गावात आल्यासारखं वाटलं पाहिजे. त्यातच तो फवारा.

दोन तास गायलो. कुणी थांबलं नाही. काही जणांनी आमच्यात घुसून फोटो काढले. एकीनं बाबांचा फेटा सरळ केला, न विचारता, दुकानातल्या बाहुल्याचा करावा तसा.

ताई एकदाच दिसल्या. बाबा पुढे झाले. "ताई, आमचा नंबर कवा हाय?"

"बाबा, किती छान वातावरण केलंत तुम्ही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पाहुणे आत गेले. दार लागलं. पायऱ्यांवर आम्ही आणि एक चौकीदार. सुकरामकाका म्हणाले, "चाला, झालं आपलं." बाबा हलले नाहीत. "बोलावतीन. एवढ्या दुरून आणलं, बोलावल्याबिगर कायले राहातीन?"

थोड्या वेळानं कुणीतरी बाहेर आलं आणि दार उघडं राहिलं. आतून गाणं आलं.

सोड रे तलावा.

कुणी दुसरीच बाई गात होती. गोड, तयार आवाज. मागे गिटार, ड्रम. बाबांच्या गाण्याला चाल नव्हती, दम लागलेल्या माणसाचा श्वास होता. इथं त्याला ठेका लावला होता, उड्या मारणारा. आणि आतली माणसं त्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होती. सगळी मिळून, हसत.

बाबा आधी हसले. "माह्यं गाणं हाय हे," त्यांनी चौकीदाराला सांगितलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी मला विचारलं, "टाळ्या काहून वाजवून राहिले वो?"

मी दाराकडे पाहिलं.

"पोरी, संजू हाय ना तो. टाळ्या काहून वाजवून राहिले?"

मी दाराकडे गेले. चौकीदार आडवा आला. पास मागितला. मी म्हटलं, "माह्या भावाचं गाणं हाय ते. मेला तो." त्यानं बाबांकडे पाहिलं, झोपडीकडे पाहिलं. म्हणाला, "मी बी पवनीकडचा, तुमच्याच बाजूचा. जा. मी पाह्यलो नाही."

आत अंधार. मंचावर उजेड, उजेडात ती गाणारी बाई आणि बाजूला निवेदन करायला उभ्या ताई. गाणं संपत आलं होतं. त्यांनी शेवटचं कडवं गाळलं होतं. ठेक्यात बसत नसेल. टाळ्यांत बसत नसेल. मी खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभी राहिले आणि ते कडवं म्हटलं. माइक नाही, काही नाही. बाबा पाळीवर म्हणतात तसं.

जित्ता देत नसशीन, तं मेला तरी दे रे तलावा,
माय त्याची बसली, कोरडे कपडे घेऊन.

ठेका थांबला. ती बाई थांबली. सगळी माणसं वळली. आणि मग ते झालं जे मला अजून झोपू देत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

मी ओरडले, "वाजवू नका! हे तुमच्यासाठी नाही. ज्याचं गाणं हाय तो बाहेर पायऱ्यावर उभा हाय. त्याच्या पोराच्या मरणावर टाळ्या वाजवून राहिले तुमी!"

टाळ्या थांबल्या. कुणी उठून बाहेर गेलं नाही. कुणी म्हणालं नाही, त्यांना आत आणा. दोन माणसांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. मागे ताईंचा माइकवरचा आवाज आला, "लोककला ही अशी जिवंत असते, मित्रांनो." आणि पुन्हा टाळ्या.

परतीच्या एसटीत बाबा माझ्याजवळ बसले नाहीत. घरी पोहोचल्यावर एवढंच बोलले, "त्यायनं गाणं नेलं. तू पोरगाच नेऊन भर थेटरात उघडा ठेवला."

त्यांचं खरं होतं. माझंही खरं होतं. आमच्या दोघांच्या मध्ये ते तसंच पडलं आहे.

बाबा त्यानंतर गायले नाहीत. मंडईत त्यांच्याशिवाय दंडार झाली. ती तिथी आली, ते पाळीवर जाऊन बसले, तोंड मिटून. आम्ही घरातून कान देऊन राहिलो. काही आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या एका वरातीत डीजेवर ते गाणं लागलं. आमचीच पोरं नाचली. त्यांना काय माहीत? मोबाइलवर गाण्याखाली लिहिलेलं होतं, पारंपरिक. आणि खाली ताईंचं नाव. बाबा जेवणाच्या पंगतीतून हात न धुता उठून गेले.

मग ताईंचा फोन आला. झालं गेलं विसरून जा म्हणाल्या. यावेळी तुम्हाला मंचावर घेऊ. मी म्हटलं, आधी त्या गाण्यावर माझ्या बापाचं नाव लावा, आणि तो ठेका काढा.

"अगं, लोकगीताला नाव नसतं. ते सगळ्यांचं असतं."

मी म्हटलं, "सगळ्यायचं असन, तं आमी बाहेर काहून होतो?"

त्यांनी फोन ठेवला.

आता मी आमच्या भागातली गावं, बपेऱ्यापासून करडीपर्यंत, फिरते. म्हाताऱ्या बाया, दंडारीचे जुने गडी, यांच्याकडे बसते. त्यांना एकच सांगते. पाया पडणाऱ्यासमोर गाणं म्हणू नका. आधी त्याच्याकडून लिहून घ्या, हे कुणी केलं, कोणासाठी रडून केलं.

संजूचं गाणं मी गात नाही. ते माझं नाही. पण जिथं ते वाजेल तिथं मी जाणार. नागपुरात, मुंबईत, कुठल्याही थेटरात. मधल्या वाटेत उभी राहणार आणि पहिल्या टाळीला ते बंद करणार. दंडाला धरून बाहेर काढतील. काढू दे. मी पुन्हा आत जाईन.