चूल नव्हतीच

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरातलं कुणाला ओळखत नाही — आणि एकदा तरी हे तोंडातून बाहेर पडायला हवं.

जळगावात, असोद्याच्या रस्त्याला आमच्या दोन खोल्या. नवरा वायरमन मिस्त्रीच्या हाताखाली होता. जुन्या घरांतली वायरिंग काढायची, नवी टाकायची. असंच एकदा तो शिडीवरून पडला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण खाट काही सुटेना. त्याचं पाणी, भांडं, कूस बदलणं — सगळं माझ्या सासूबाई करायच्या. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. धुळ्याकडच्या, बोलायच्या कमी.

मिस्त्रीला कणव आली. निघालेल्या जुन्या वायरीची पोती तो माझ्या दारात टाकू लागला. म्हणाला, तांबं काढून दे, अर्धं तुझं. घर त्यावरच चालायचं. आधी मी ब्लेडने सोलत बसायचे. जुन्या वायरीचं आवरण तारेला चिकटून बसलेलं असतं. बोटं कापायची, पोतं संपायचं नाही. भंगारवाल्याकडे एका बाईने सांगितलं, जाळून टाक. जळलेल्या तांब्याला भाव कमी, पण सुटतं चटकन.

मग मी जाळायला लागले. मागच्या दारी, पत्र्याच्या डब्यात, भर दुपारी. काळा, जड धूर निघायचा. माझाच घसा जळायचा — मग आत काय होत असेल, हे मला कळत नव्हतं? कळत होतं. अक्कांची खाट मागच्याच खोलीत होती. मी खिडकी लावून घ्यायचे. खिडकीला फट होती. तीही मला माहीत होती.

अक्का खोकू लागल्या. आधी दुपारी, मग दिवसभर. उभ्या राहिल्या की भिंत धरायच्या. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, पुन्हा तपासली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "घरात काय जाळता?"

त्या वेळी सांगता आलं असतं. एक शब्द — वायर. पण मग पोती बंद. मग नवऱ्याची औषधं कुठून, खायचं कुठून? मी म्हणाले, "चूल आहे."

आमच्याकडे गॅस होता. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतात. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "चूलनाच धूर शे, भाऊ."

का म्हणाल्या? मला सांभाळून घ्यायला? लेकाचं घर चालावं म्हणून? मी विचारलं नाही. रिक्षा करून आम्ही दोघी घरी आलो.

इथे थांबले असते तरी — पण नाही. त्याच आठवड्यात धुळ्याहून नणंदेचा फोन आला. आईला माझ्याकडे पाठव म्हणाली, चार महिने राहील, हवा बदलेल. किती सोपं होतं! पण अक्का गेल्या तर नवऱ्याला कोण उचलणार, मी पोत्याशी कधी बसणार? मी सांगितलं, डॉक्टर म्हणाले एवढा प्रवास झेपायचा नाही. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. अक्का शेजारच्याच खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

त्यानंतरही मी जाळत राहिले. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. त्याने काही होणार नाही, हे कोंबतानाच ठाऊक होतं.

थंडीत अक्का गेल्या. शेवटचे दोन दिवस त्यांना बसूनच राहावं लागलं, आडवं पडलं की श्वास मिळायचा नाही. पाठ मी चोळत होते. हात माझेच होते.

नणंद आली. माझ्या गळ्यात पडून रडली. जमलेल्या बायकांसमोर म्हणाली, "वहिनी, आईचं तू केलंस तसं मला पोटच्या पोरीलाही जमलं नसतं." बायकांनी माना हलवल्या. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. नाही म्हणाले नाही.

आता नवरा काठी घेऊन चालतो, एका दुकानात बसतो. नणंद अजूनही चार लोकांत तेच सांगते, आणि मी ऐकून घेते.

आणि एवढंही सांगून टाकते — अक्कांचं तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा वायर जाळली.