न सुटलेल्या गाडीचं तिकीट

वारंगा फाट्यावरून गेलेलं असं एक बी माणूस नसंल ज्याला माझ्या नणंदेच्या सासऱ्यानं "कुठून बसलात, कुठं उतरणार" असं इचारलं न्हाई. ओळखीचा असो का बिनओळखीचा, शेळी धरून जीपची वाट पाहणारा असो न्हाई तर पांढऱ्या गाडीतून पान खायला उतरलेला साहेब असो, मामा जवळ जाणार अन् इचारणार. एसटीत कंडक्टर व्हते ते, तीस वर्षं, अन् रिटायर झाले ते नुसते कागदावर. आमच्या मिरची-हळद कुटायच्या कांडपासमोर एक बाकडं हाय, त्याच्यावर सकाळी येऊन बसायचे अन् प्रत्येक गाडी कितीनं उशिरा आली ते मला आतमधी ओरडून सांगायचे, जसं काही गाडी मीच अडवून धरली व्हती. मी म्हणायची, "मामा, मला काय करायचं त्याचं?" ते म्हणायचे, "तुला न्हाई करायचं, पण कोणाला तरी सांगावं लागतं ना माय."

त्यांच्या सवयी सांगायला बसलं तर दळण तसंच राहील. एक म्हणजे निघायचं झालं की दोनदा ठोकायचं. गाडी असो, बैलगाडी असो, कोणाची फटफटी असो, मागून टक टक केल्याबिगर ती हलूच नये असा त्यांचा कायदा. नणंदेच्या लग्नात नवरी जीपमधी बसली, सगळ्या बाया रडून राहिल्या, माझी सासू तर जीपचं दारच सोडंना, अन् ड्रायवर काही गाडी काढंना. कोणाला कळंना काहून. तो त्यांचा एसटीतला जुना जोडीदार व्हता, आरशात पाहून राहिला व्हता. मग मामा गर्दीतून आले, टपावर दोनदा ठोकलं, अन् तवा कुठं आमची पोरगी सासरी गेली. दुसरी सवय मोजायची. कुरुंद्याला एका लग्नात पंगत बसली तर हे वाढायचं सोडून डोकी मोजून राहिले. चार जण जास्त निघाले, दुसऱ्याच मांडवातले, चुकून आलेले. दुसरा कोणी असता तर उठवलं असतं. मामांनी त्यांना पोटभर बुंदी वाढली, पाणी दिलं, हात धुवायला लावले अन् मग हळूच म्हणले, "तुमची गाडी पलीकडच्या फलाटावर लागलीय, आता निघा."

पण सगळ्यात येगळी सवय म्हणजे कागद खालून वर वाचायची. लग्नाची पत्रिका असो, औषधाची चिठ्ठी असो, बोटानं पहिले सगळ्यात खालची ओळ धरायचे अन् तिथून वर चढायचे. मी इचारलं तर म्हणले, "वर जे लिहितेत ते तुला बसवण्यासाठी. उतरायचं कुठं ते खाली लिहिलेलं असतं." मला हसू आलं. मी सातवी झालेली, मला वरचं वाचता वाचताच दम लागतो, खाली कोण जातंय.

अन् तिथंच माझं चुकलं.

झालं असं की हळदीचा सीझन व्हता, कांडप सुरू, लेकरू झोळीत, मालक, म्हणजे लेकराचे बाप, दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायवर म्हणून नांदेडला गेलेले, अन् मामा त्या दिवशी सेनगावला कोणाच्या तरी तेराव्याला. टाय बांधलेला एक जण आला. हातात कागद. त्याच्यावर आमच्या कांडपाचं नाव छापलेलं, फाट्याचा पत्ता, बाहेरच्या रुपया टाकायच्या डबा फोनचा नंबर, सगळं बराबर. म्हणे, "ताई, तुमचं दुकान इंटरनेटवर टाकून राहिलो, फुकट हाय, अमेरिकेत बसलेला माणूस बी पाहील. नाव बरोबर हाय ना, तेवढं पाहून सही करा." मिरची सुरू व्हती तर तो शिंकून शिंकून अर्धा झाला, नाकाला रुमाल, "लवकर करा ताई, लवकर करा." मला त्याची कीव आली. खरं सांगू का, नुसती कीव न्हाई. माझं नाव मी छापलेलं कधी पाहिलं नव्हतं, रेशन कार्डावर बी मालकाच्या खाली हातानंच लिहिलेलं. त्या कागदावर दुकानाची मालकीण म्हणून माझं नाव व्हतं. मी सही केली, मोठी केली, अन् खाली ओळ बी ओढली. संध्याकाळी मालकाला सांगितलं न्हाई, म्हणलं इंटरनेटवर आल्यावरच दाखवू.

दोन-तीन महिन्यांनी पाकीट आलं. आतमधी वकिलाचा शिक्का मारलेली नोटीस, अन् माझ्या सहीच्या कागदाची झेरॉक्स. तीन वर्षांच्या जाहिरातीचे पैसे भरा, न्हाई तर कोर्टात केस अन् मशीन जप्त. पैसा इतका की ती मशीन कर्ज काढून घेतली तवा बी इतका लागला नव्हता. मी ते कागद तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली दाबून ठेवला. मग फोन यायला लागले. "पोलीस घेऊन येऊ, बाई." फोन वाजला न्हाई तर बाहेर गाडी थांबली की मी लेकराला उचलून मागच्या दारापाशी जायची. मशीन गेली तर आमच्या घरात काय राहतं? मालकाचा पगार डिझेलसारखा, दिसत बी न्हाई अन् उडून जातो. त्या कांडपावर लेकराचं दूध, सासूच्या गोळ्या, सगळं. अन् मालकाला कळलं की मी कोणा परक्या माणसाच्या कागदावर इचारल्याबिगर सही केली, तर ते मारणार न्हाईत, तसे न्हाईत ते, पण गप बसतील. ते गप बसले की मला जास्त भेव वाटतं.

मामांना सांगायची तर लाजच वाटली, खालून वाच म्हणून शंभरदा सांगितलेलं माणूस ते. पण त्यांनी धरलंच. डबा फोन वाजून राहिला, मी मिरचीच निवडून राहिले.

"पोरी, रिंग."

"वाजू द्या मामा."

"चार दिवस झाले वाजू देऊन राहिलीस. आधी तर पहिल्या रिंगला पळायचीस, मालकाचा असंल म्हणून." असं म्हणून त्यांनीच उचलला. माझ्या हातातलं सूप पडलं.

तिकडून तो ओरडून राहिला व्हता, मला इथवर ऐकू आलं. मामा शांत. "व्हय. बराबर. पण तुमी बोलता कुठून? औरंगाबादहून? औरंगाबादला स्टँडच्या समोर का मागं? समोर म्हणता, मग हॉटेलाच्या अलीकडं का पलीकडं? न्हाई हो, रागावू नका, मी तीस वर्षं तिथं रातपाळीला झोपलोय, तुमचं हापिस कधी दिसलं न्हाई म्हणून इचारतो." तिकडून फोन ठेवला. मामांनी फोनकडं पाहिलं. "उतरला," म्हणले. मग माझ्याकडं हात केला. "आण कागद."

मी डाळीच्या डब्यातून काढून दिले. डाळ झटकली त्यांनी, चष्मा लावला, अन् बोट खाली ठेवलं. मी समोर उभी, पदर तोंडात. बराच येळ वाचलं. वाटलं आता बोलतील, सांगितलं व्हतं ना तुला. ते म्हणले, "सही तर तुझीच हाय. तीन वर्षं, रद्द होत न्हाई, असं बारीक छापून घेतलंय."

"मग मशीन नेतील?"

"नेतील कशी? मशीन काय शेळी हाय? कोर्ट पहिले दोघांचं ऐकतं. अन् फुकट सांगून पैशाच्या गाडीत बसवलं, तर चूक प्रवाशाची नसती माय. माझ्या गाडीत कोणी चुकून बसलं तर मी बेल मारून उतरवत व्हतो. यांनी तर बोलावून बसवलं."

मी म्हणलं, "मामा, तुमीच लिहा त्यांना काय ते." तर न्हाई म्हणले. "माझ्या अक्षरात गेलं तर ते म्हाताऱ्याचं पत्र. तुझ्या अक्षरात गेलं तर दुकानदाराचं." मग मी लिहिलं. कार्बन घालून, मिरचीच्या हातानं, डोळे पुसले तर आणखीनच झोंबले. तुमच्या माणसानं फुकट म्हणून सही घेतली, पैशाचं बोलला न्हाई, मला जाहिरात नको, पैसे देणार न्हाई, फोन करू नका, जे काय ते लिहून पाठवा. माझं 'जाहिरात' तीनदा चुकलं. मामांनी सुधरू दिलं न्हाई, म्हणले राहू दे, समजतं. रजिस्टर केलं, पोचपावतीसहित, पावती मामांनी मला जपून ठेवायला लावली, कार्बनची प्रत बी.

तेवढ्यावर थांबतील ते मामा कसले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात गेले अन् उभे राहून मोठ्यानं इचारलं, "इंटरनेटवाल्या त्या टायवाल्याला कोणी कोणी सही दिलीय?" कोणी बशीत पाहतंय, कोणी छताकडं. मग मामांनी माझ्याकडं पाहिलं. मला धरणी फाटावी वाटली. पण मी हात वर केला, लेकरू कडेवर व्हतं त्याच्या डोक्यानं माझा हात निम्मा झाकला, तरी केला. मग टायरवाल्यानं केला. मग हॉटेलवाल्या काकूनं, हातातल्या झाऱ्यासहित. टायरवाला म्हणला, "मी तर अर्धे भरून बी टाकले. घरी सांगितलं न्हाई." मामांनी त्याच्यासाठी चहा सांगितला. त्या दिवशी हॉटेलात बसून सगळ्यांनी पत्रं लिहिली. टायरवाल्याचं पत्र सगळ्यात लांब, अन् त्यातल्या शिव्या मामांनी खोडायला लावल्या.

त्याच संध्याकाळी मी मालकाला सांगितलं. ते गप बसले, मला वाटलं तसंच. मग म्हणले, "मामाला आधी सांगितलंस?" एवढंच. मला अजून बी कळलं न्हाई की त्यांना कशाचं वाईट वाटलं.

काही दिवसांनी माझं रजिस्टर परत आलं. या पत्त्यावर असं कोणी न्हाई, असा शेरा. सगळ्यांना आनंद झाला, मला झाला न्हाई. पत्ता खोटा असंल, पण माणूस तर खरा व्हता, त्यानं माझं दुकान पाहिलेलं. मी अजून बी पळता यावं म्हणून मागच्या दाराची कडी काढूनच झोपायची. मामांना ते कळलं. म्हणले, "चल, ज्या गाडीचं तिकीट मागून राहिले, ती गाडी तरी रस्त्यावर हाय का पाहून येऊ."

कळमनुरीला गेलो, एसटीनंच. इंटरनेटच्या दुकानात मी पहिल्यांदाच गेले, चपला बाहेर काढल्या तर तो चष्मेवाला हसला, राहू द्या म्हणला. मामांनी नोटिशीच्या खाली छापलेला इंटरनेटचा पत्ता एक एक अक्षर सांगितला, त्यानं दाबला. थांबलो. मग पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. दुकानदार म्हणला, "बाई, ही साइट हायच न्हाई. कोणी बनवलीच न्हाई कधी. बंद पडलेली बी न्हाई, नव्हतीच." त्यानं दोन-तीनदा वेगळं वेगळं करून पाहिलं. न्हाई.

मामा म्हणले, "गाडीच सुटली न्हाई. तिकीट कशाचं मागतेत?"

माझा जीव असा हलका झाला की मी तिथंच स्टुलावर बसले. आता कोणी काही नेत न्हाई, हे मला तवा खरं वाटलं. पण बसल्या बसल्या मला रडूच आलं, अन् ते भेवाचं नव्हतं. मामांनी इचारलं, आता काहून? मी सांगितलं नसतं, पण तोंडातून गेलं, "मला वाटलं व्हतं, माझं नाव तरी असंल कुठं."

मामांनी जरा येळ टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्या दुकानदाराला म्हणले, "भाऊ, हिचं नाव टाका बरं यात."

"कुठं टाकू?"

"कुठं बी. नुसतं दिसू द्या."

त्यानं एक पान उघडलं, मराठीत, मोठं मोठं केलं. कांडपाचं नाव, खाली माझं नाव, खाली वारंगा फाटा. मी लेकराला उचलून दाखवलं, त्यानं पडद्याला हात लावला तर बोटांचे ठसे उमटले. मामा हात मागं बांधून उभे, जसं काही झेंड्याला उभे. या डिसेंबरात मामा गेले, झोपेतच. बाकड्यावर आता टायरवाला बसतो, त्याला गाड्यांचं काही कळत न्हाई. मामांचं मला सगळं आठवतं, पण सगळ्यात जास्त आठवते ती कळमनुरीची दुपार. दुकानदारानं इचारलं, "सेव करू का?" मला त्याचा अर्थ माहीत नव्हता, मामांना बी नव्हता. मामांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, की नको, आता पाहिलं. मग त्यानं ते पान बंद केलं.